सेवकाचा थकवा आणि समाजाचा धर्म

रुग्णाची शुश्रूषा हे श्रेष्ठ धर्माचरण आहे, याविषयी भारतातील धर्मपरंपरांत मतभेद नाही. परंतु शुश्रूषा करणारा मनुष्यच जेव्हा आतून रिता होतो, तेव्हा त्याच्या त्या अवस्थेकडे धर्मदृष्टीने कसे पाहावे, हा प्रश्न सेवाविषयक चिंतनात बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. साथीच्या रोगांच्या काळात तो टाळता येत नाही. अशा काळात शासकीय यंत्रणा अपुरी पडते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवक, म्हणजे वेतनाची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने पुढे आलेली माणसे, रुग्णांना रुग्णालयात पोहोचवणे, विलगीकरणातील कुटुंबांना शिधा देणे, नातेवाइकांना धीर देणे आणि प्रसंगी मृतांचे अंत्यसंस्कार करणे अशी कामे अंगावर घेतात. काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी अनेकांची झोप उडते, चिडचिड वाढते, समोरच्याचे दुःख पाहूनही मनात काही हलेनासे होते, आणि त्यावर कडी म्हणजे आपली भक्ती किंवा करुणाच कमी पडली, असा अपराधभाव मनात घर करतो. हा अपराधभाव तत्त्वतः योग्य आहे काय, म्हणजेच करुणेला थकवा येणे हे करुणेच्या उणिवेचे लक्षण मानावे काय, आणि सेवकाला सांभाळण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

या अवस्थेला मानसशास्त्रात ‘बर्नआउट’ असे नाव आहे आणि त्या संकल्पनेचा उगमच स्वयंसेवकांच्या अनुभवातून झाला, ही गोष्ट प्रस्तुत चर्चेत महत्त्वाची आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करीत असत. तेथे व्यसनाधीन व निराधार तरुणांवर उपचार होत आणि काम करणारे बरेचसे लोक स्वयंसेवक होते. १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असे निरीक्षण नोंदवले की जे कामाशी सर्वाधिक एकनिष्ठ असतात, तेच या अवस्थेच्या तडाख्यात प्रथम सापडतात. पुढे क्रिस्टिना मास्लॅक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली: पहिले भावनिक शक्ती संपून जाणे, दुसरे समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता एक ‘केस’ म्हणून कोरडेपणाने पाहू लागणे, आणि तिसरे आपल्या हातून काहीच सार्थ घडत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला रोग न मानता व्यावसायिक जीवनाशी निगडित घटना मानले, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न जाणे हे तिचे कारण सांगितले. या व्याख्येमुळे दोष व्यक्तीच्या स्वभावाकडून कामाच्या व्यवस्थेकडे सरकला, हे योग्यच झाले. परंतु ती व्याख्या व्यवसायापुरती बांधलेली असल्याने, ज्याला नोकरी नाही, नेमणूकपत्र नाही आणि रजाही नाही, असा स्वयंसेवक तिच्या कक्षेच्या काठावरच राहतो.

त्यातही साथीच्या काळातील स्वयंसेवकाचा ताण केवळ अतिश्रमाचा नसतो. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अनेक तरुण-तरुणी रात्ररात्र दूरध्वनीवर बसून अनोळखी लोकांसाठी खाटा, प्राणवायूचे सिलिंडर आणि रेमडेसिव्हिर शोधत होते, आणि पुष्कळदा ‘खाट मिळाली नाही’ हे एकच उत्तर त्यांना द्यावे लागत होते. योग्य काय ते स्पष्ट दिसत असूनही परिस्थितीने ते करू न देणे, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचारिकांच्या नीतिशास्त्राचा विचार करताना स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला ‘नैतिक घुसमट’ म्हणता येईल. विश्रांतीने शरीराचा शीण जातो, पण ही घुसमट केवळ झोपेने जात नाही, कारण तिच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न असतो. शिवाय आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल ही भीती आणि शेजारपाजाऱ्यांनी केलेले दुरावे यांची भर पडते. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांमुळे १८९७ च्या साथरोग अधिनियमात एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाद्वारे दुरुस्ती करून असे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवावे लागले, यावरून सेवकाला रोगाइतकाच समाजाचाही सामना करावा लागला, हे दिसून येते.

अशा वेळी सेवकाला धीर देण्यासाठी निष्काम कर्माचा उपदेश केला जातो. जो फळाची आसक्ती सोडून कर्म करतो त्याला थकवा येत नाही, आणि ज्याला थकवा येतो त्याच्या मनात कुठेतरी सूक्ष्म आसक्ती उरलेली असते, असा या उपदेशाचा आशय असतो. त्यात सत्याचा एक अंश निश्चित आहे. रुग्ण वाचला तरच आपली सेवा सार्थ झाली असे मानणारा मनुष्य प्रत्येक मृत्यूबरोबर थोडा थोडा मोडत जातो, आणि मास्लॅक यांनी सांगितलेल्या तिसऱ्या अंगावर, म्हणजे निरर्थकतेच्या भावनेवर, अनासक्ती हा खरोखरच उपाय आहे. तथापि गीतेचा विचार एवढ्यावर थांबत नाही. सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण या सर्वांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक ठरतो असे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात शरीरातील भूतसमुदायाला पीडा देणाऱ्या घोर तपाला आसुरी निश्चयाचे लक्षण मानले आहे. आणि अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना, परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरवले आहे. आपल्याला किती झेपेल याचा विचारही न करता कामात उडी घेणे ही लोकांच्या दृष्टीने त्यागाची परमावधी असली, तरी गीतेच्या वर्गीकरणात त्या कर्माची जागा सर्वांत खाली लागते. सात्त्विक कर्त्याच्या ठिकाणी गीतेला धैर्य आणि उत्साह हे दोन्ही गुण अपेक्षित आहेत, आणि ज्याचा उत्साह मुळापासून संपला आहे त्याला केवळ अनासक्तीचा उपदेश करणे म्हणजे गीतेतील अर्धेच वाक्य ऐकवणे होय.

लोकमान्य टिळक १८९७ च्या प्लेगमध्ये पुणे सोडून गेले नाहीत आणि तेथे हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी ज्ञानप्राप्तीनंतरही लोकसंग्रहासाठी कर्म केले पाहिजे, असा सिद्धान्त मांडला. लोकसंग्रह म्हणजे समाजाचे धारण, समाज विस्कळीत होऊ न देता त्याला सांभाळून ठेवणे. हा अर्थ नीट लक्षात घेतला तर एक निष्कर्ष अपरिहार्य ठरतो: सेवक हाही त्या लोकांपैकीच एक आहे, आणि त्याला मोडू देऊन साधलेला लोकसंग्रह आपल्याच व्याख्येला छेद देतो.

करुणेच्या अंतर्गत रचनेचे सर्वांत सूक्ष्म विश्लेषण मात्र बौद्ध परंपरेत आढळते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना तेथे ‘ब्रह्मविहार’ म्हणतात. मैत्री म्हणजे सर्वांचे हित चिंतणे, करुणा म्हणजे दुःखिताचे दुःख दूर व्हावे ही इच्छा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने आनंदित होणे, आणि उपेक्षा म्हणजे सुखदुःखांत चित्ताचा तोल न ढळणे. रोजच्या मराठीतील हेळसांड हा अर्थ येथे अभिप्रेत नाही. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात, ज्याचे संपादन गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी केले, प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत: एक दूरचा, जो उघड विरोधी असल्याने ओळखता येतो, आणि दुसरा जवळचा, जो त्या भावनेसारखाच दिसतो आणि म्हणून अधिक घातक असतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शत्रू शोक होय. दुसऱ्याचे दुःख पाहून आपण स्वतःच शोकात बुडणे हे करुणेसारखे दिसते, परंतु त्यात चित्त दुःखिताकडून निघून स्वतःच्या वेदनेकडे वळलेले असते. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. तीही समतेसारखी दिसते, पण तिच्यात समोरच्याचे दुःख जाणलेलेच नसते.

शोक आणि बेफिकिरी यांचा हा संबंध आधुनिक निरीक्षणाशी जुळतो. जर्मनीतील तंत्रिकाशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बौद्ध भिक्षू मात्यू रिकार यांच्या सहभागाने केलेल्या संशोधनात, दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवणे आणि त्याच्या हिताची ऊबदार इच्छा बाळगणे या दोन अवस्थांत मेंदूतील वेगवेगळी क्षेत्रे कार्यरत होतात, असे आढळले. पहिली अवस्था मनाला शिणवते, दुसरी त्याला बळ देते, आणि दुसरीचा अभ्यासाने विकास करता येतो. यावरून स्वयंसेवकाच्या खचण्याचा क्रम समजतो. आरंभी तो प्रत्येक रुग्णाच्या शोकात सामील होतो. शोक असह्य झाला की मन स्वसंरक्षणासाठी बधिर होते, आणि मास्लॅक यांनी सांगितलेला कोरडेपणा येतो. अशा माणसाची करुणा आटली असे म्हणणे चूक आहे. तिच्या जागी शोक येऊन बसला आणि त्या शोकाला वाट मिळाली नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. म्हणून सेवकाचा थकवा हा करुणेच्या उणिवेचा पुरावा नाही, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय.

येथे एक शंका संभवते. बोधिसत्त्वाचा आदर्श तर परक्यासाठी देहही देण्याचा आहे. मग मर्यादेची भाषा म्हणजे त्या आदर्शातून काढलेली पळवाट ठरणार नाही काय? या शंकेचे उत्तर आठव्या शतकातील शांतिदेवाच्या ‘बोधिचर्यावतार’ या ग्रंथात मिळते. त्याच्या सातव्या परिच्छेदाचा विषय वीर्य, म्हणजे कुशल कर्मातील उत्साह, हा आहे, आणि तेथे वीर्याला बळ देणाऱ्या शक्तींमध्ये इच्छा, स्थैर्य आणि आनंद यांच्या बरोबरीने सोडून देणे, म्हणजेच विसावा, याचीही गणना केली आहे. बळ क्षीण होऊ लागले तर हातातील काम पुन्हा करता यावे म्हणूनच ते बाजूला ठेवावे, असे शांतिदेव सांगतो. सद्धर्माची सेवा करणाऱ्या देहाला क्षुल्लक कारणासाठी पीडा देऊ नये, असेही त्याने पाचव्या परिच्छेदात म्हटले आहे. आणि दानाचा अभ्यास भाजीपाल्यासारख्या साध्या वस्तूपासून सुरू करून हळूहळू वाढवावा, असा क्रम सांगितला आहे. ज्या ग्रंथात आत्मत्यागाचा आदर्श शिखराला पोहोचला, त्याच ग्रंथात विसाव्याला शक्तीचा दर्जा मिळाला, ही गोष्ट सेवेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

आता दुसरा प्रश्न: सेवकाला सांभाळावे कोणी? बौद्ध भिक्षूंचे आचारनियम सांगणाऱ्या विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्षूची कथा येते. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकले नाही आणि तो मलमूत्रात पडून राहिला; बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले आणि बिछान्यावर ठेवले. ही कथा बुद्धाच्या करुणेसाठी सांगितली जाते, परंतु तिचा पुढचा भाग अधिक विचारणीय आहे. बुद्धाने एखाद्या भिक्षूच्या निष्ठुरपणाची निर्भर्त्सना करून विषय संपवला नाही, तर शुश्रूषेची जबाबदारी क्रमाने बांधून दिली: प्रथम उपाध्याय, मग आचार्य, मग शिष्य व सहाध्यायी, आणि यांपैकी कोणी नसेल तर संपूर्ण संघ, संघाने ती पार पाडली नाही तर दोष संघाचा. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत हे सांगितले आहे, आणि त्याबरोबरच रुग्णाने कसे वागले असता त्याची शुश्रूषा सुकर होते हेही सांगितले आहे. म्हणजे सेवेचे नाते एकतर्फी मानलेले नाही, आणि तिचा भार एखाद्या करुणावंताच्या मर्जीवर किंवा बळावर सोडलेला नाही.

पंढरपूरच्या उपासनेत हाच विचार आचाराच्या रूपाने दिसतो. आषाढी यात्रेच्या काळात भाविकांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून विठ्ठलाचा पलंग काढला जातो, नित्याची शेजारती थांबते आणि उभ्या देवाच्या पाठीशी लोड ठेवला जातो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, तिच्यात देवाचा शिणवटा घालवण्यासाठी स्नान आणि काढा यांचा उपचार होतो आणि मग पलंग पुन्हा घातला जातो. या आचारात संकटकालीन सेवेचे तीन नियम अंतर्भूत आहेत: अखंड सेवा करावयाची असेल तर तिला आरंभ आणि शेवट असावा, त्या काळात सेवा करणाऱ्याच्या पाठीला आधार असावा, आणि काम संपल्यावर त्याचा शीण घालवण्याचे कर्तव्य इतरांनी विधिपूर्वक पार पाडावे. ज्या परंपरेने प्रत्यक्ष देवाच्या शिणवट्याची दखल घेतली, तिच्या अनुयायांनी माणसाच्या शिणवट्याला भक्तीची उणीव म्हणावे, ही मोठी विसंगती आहे.

या विवेचनाने आत्माहुतीचे मोल कमी होते, असा गैरसमज होऊ नये. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या साथीत, डॉक्टर असलेले त्यांचे दत्तकपुत्र यशवंतराव यांच्या पुण्याबाहेरील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांना कोणी शिवतही नव्हते अशा रुग्णांसाठी त्यांनी धोका पूर्ण ओळखून पत्करला, आणि त्यामागे आयुष्यभराचा विचार होता. तो त्याग वंदनीयच आहे. परंतु एका व्यक्तीने स्वतःच्या विवेकाने स्वीकारलेली आहुती आणि व्यवस्थेने हजारोंकडून गृहीत धरलेली झीज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा गौरव करून दुसरीचे समर्थन करणे हा सावित्रीबाईंच्या स्मृतीचाही अनादर ठरतो, कारण दुर्बलांच्या श्रमाला गृहीत धरणाऱ्या समाजाशीच त्यांचा झगडा होता.

ही गृहीत धरण्याची वृत्ती आशा स्वयंसेविकांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. तिला कर्मचाऱ्याचा दर्जा नाही आणि वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. करोनाकाळात घरोघरी सर्वेक्षण करणे, बाधितांच्या संपर्कातील लोक शोधणे, विलगीकरणावर लक्ष ठेवणे ही कामे त्यांच्यावर आली. २२ मार्च २०२० रोजी देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजवून सेवकांचे आभार मानले गेले, ‘करोना योद्धा’ हे बिरुदही मिळाले. तरीही १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांना मोबदला आणि संरक्षण यांसाठी संपावर जावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, तो सर्वस्वी उचित होता. परंतु योद्धा म्हणावयाचे तर योद्ध्याला शिधा, शस्त्र, रजा आणि निवृत्तिवेतन मिळते, हेही स्मरले पाहिजे. केवळ स्तुतीने सेवकाचे ऋण फिटत नाही. उलट त्याला देवदूत ठरवले की त्याला भूक, भीती आणि थकवा असू शकतो, हेच समाज विसरतो.

मनाच्या चिवटपणाची कल्पनाही या प्रकाशात तपासली पाहिजे. संकटाचा आघात सोसूनही माणूस सावरतो, या क्षमतेला एखाद्याच्या अंगच्या असाधारण पोलादी गुणाचे रूप दिले जाते. परंतु बालविकासाच्या अभ्यासक ॲन मास्टन यांनी २००१ साली दाखवून दिले की ही क्षमता बहुतांशी सामान्य गोष्टींतून, म्हणजे विश्वासाची नाती, शिकण्याची संधी आणि आजूबाजूच्या समाजाचा आधार यांतून निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत मदत करणाऱ्यांनी स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी कशी घ्यावी याला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते याच जाणिवेतून. तेव्हा खचलेल्या सेवकाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणारा समाज खरे तर स्वतःच्याच कर्तव्याकडे पाठ फिरवत असतो.

सेवेसाठी आवाहन करण्याचा अधिकार ज्या मंदिरांना, मठांना, मशिदींना, चर्चना, गुरुद्वारांना आणि तरुण मंडळांना आहे, त्यांच्यावर सेवकाला सांभाळण्याचे दायित्वही आहे. स्वयंसेवकाचे नाव नोंदवतानाच त्याच्या कामाचा कालावधी आणि पाळ्या ठरवाव्यात. कोणालाही एकटे न पाठवता जोडीने पाठवावे. मृत्यू पाहिलेल्यांना त्याविषयी बोलता यावे आणि एकत्र शोक करता यावा, अशी जागा द्यावी. दवाखर्च आणि विम्याची तरतूद आधी करावी आणि सत्काराचा विचार नंतर करावा. आणि ज्याने ‘आता झेपत नाही’ असे सांगितले, त्याचे ते सांगणे विवेकाचे लक्षण मानून त्याला सन्मानाने मोकळे करावे. सेवा हा धर्म असेल तर सेवकाचा विसावा हाही त्या धर्माचाच भाग आहे, आणि पुढची साथ येण्यापूर्वी त्याची व्यवस्था करणे हे प्रत्येक धर्मसंस्थेचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.